वाचक विचारतात : भाव तर वाढले, सरकारकडून आपल्या हाती काय येतं?

या वेळची पत्रं नागपुरातल्या पोह्याच्या गाडीपासून हिंगण्याच्या कारखान्यापर्यंत सगळीकडून आलीत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच आहे की खर्च वाढून राहिला, कमाई जागच्या जागी आहे, मग सरकार काही करते की नाही. करते. पण ती मदत बहुतेक वेळा नगद पैसा म्हणून दारात येत नाही, ती कुठल्या तरी कागदाच्या मागे असते आणि नेमका तोच कागद आपल्याकडे नसतो. मी १४ वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली. त्या टेबलावरून रिकाम्या हाताने परत गेलेली कितीतरी माणसं गरजू होती, पात्रही होती, फक्त आपला धंदा खरा आहे हे दाखवायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. ते चेहरे आठवतात म्हणून उत्तरं जरा लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, सक्करदऱ्याला माझी तर्री पोह्याची गाडी आहे, सकाळी ६ ते ११. रोज १२० प्लेटा जातात, कमर्शियल सिलेंडर ५ दिवस पुरतो. दर महिन्याच्या १ तारखेला धास्ती असते की आता किती वाढला. तेल, चना, कांदा सगळंच महाग. प्लेटमागे ५ रुपये वाढवले तर पोट्टे बाजूच्या गाडीवर जातात. आम्हाला गॅसवर सबसिडी आहे का? घरचा सिलेंडर गाडीवर लावला तर चालते का? वरून डेलीवाल्याचे, म्हणजे रोज हप्ता घेणाऱ्या सावकाराचे, रोज २०० रुपये जातात ते वेगळेच.

उत्तर : भाऊ, आधी गॅसचं सांगते. १९ किलोच्या कमर्शियल सिलेंडरवर सबसिडी नाही, उलट त्यावर जीएसटी १८ टक्के आहे आणि घरच्यावर ५ टक्के, म्हणून तुम्हाला घरचा लावायचा मोह होतो हे मला समजते. पण लावू नका. पकडला गेला तर सिलेंडर जप्त होतो, केस होते, आणि देव न करो, गाडीवर काही झालं तर भरपाई मागायला तोंड राहत नाही. घरी वहिनींच्या नावाने उज्ज्वलाचं कनेक्शन असेल तर त्या घरच्या सिलेंडरवर ३०० रुपये सबसिडी आहे, २०२५-२६ साठी वर्षाला ९ सिलेंडरपर्यंत, ती खात्यात येऊन राहिली का ते पासबुकात बघा. कितीतरी जणांचं आधार बँकेला जोडलेलं नसते आणि पैसे अडकून पडतात.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ, जी तुम्ही सहज लिहिली, ती मी तीनदा वाचली. डेलीवाल्याचे २०० रुपये. मी समजून चालते की नेहमीसारखाच व्यवहार असेल, २०,००० लिहायचे, २,००० आधीच कापून १८,००० हातात द्यायचे आणि १०० दिवस रोज २०० घ्यायचे. म्हणजे १०० दिवसांचे २,००० व्याज, रोजचे २० रुपये. आता सिलेंडर बघा. तो १०० रुपयांनी महागला आणि ५ दिवस पुरला, म्हणजे तिथेही रोजचा फटका २० रुपये, १२० प्लेटांवर वाटला तर प्लेटमागे १७ पैसे. म्हणजे गॅस १०० रुपयांनी वाढला की तुमची जेवढी झोप उडते तेवढेच पैसे डेलीवाला वर्षभर रोज नेते आणि ते आपल्याला जाणवतही नाही, कारण त्याची सवय झालेली असते. हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जाते हे धरलं तर हे व्याज वर्षाला ८० टक्क्यांच्या आसपास पडते हो!

याच्यासाठीच पीएम स्वनिधी आहे. २०२० च्या जूनमध्ये लॉकडाऊनच्या काळात सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १०,००० होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ती ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि रक्कमही वाढवली. आता पहिलं १५,०००, ते नीट फेडलं की २५,००० आणि नंतर ५०,०००. तारण नाही, आणि हप्ते वेळेवर भरले तर व्याजातले ७ टक्के सरकार तुमच्या खात्यात परत टाकते. बँकेने १२ टक्के लावले तरी १५,००० वर वर्षाचं व्याज हजाराच्या आत राहते आणि त्यातलेही निम्म्याहून जास्त परत येतात. डेलीवाल्याकडे असंच वर्षभर चालू राहिलं तर व्याजाचेच ७,३०० जातात. फरक तुम्हीच बघा.

कागद काय लागते तर महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र, ते नसेल तर शिफारस पत्र, ते झोन ऑफिसातून मागा. मोबाइल नंबर आधारला जोडलेला पाहिजे, नाहीतर ओटीपीवरच गाडी अटकते. बँकेने तोंडी नाही म्हटलं तर तसेच परत येऊ नका, अर्ज ऑनलाइन जातो, त्याचा नंबर असतो, तो दाखवून नकार का दिला ते लेखी मागा. हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून बघितलं आहे, लेखी मागणाऱ्या माणसाची फाइल दुसऱ्यांदा उघडली जाते. आणि पैसे आले की पहिले डेलीवाला बंद करा. नवीन गाडी, नवीन फ्रिज सगळं नंतर.

प्रश्न : मी इतवारीत एका कपड्याच्या दुकानात ९ वर्षांपासून आहे. पगार रोख मिळते, चिठ्ठी वगैरे नाही. दोन वर्षांपासून एक रुपया वाढला नाही, विचारलं तर शेठ म्हणतात महागाई भत्ता फक्त सरकारी नोकरांना असते. खरं आहे का? शेठ माणूस वाईट नाहीत, माझी मुलगी ॲडमिट होती तेव्हा त्यांनीच पैसे दिले होते.

उत्तर : खरं नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की शेठजींनाही बहुतेक तो खराच वाटत असेल.

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, एक मूळ दर आणि दुसरा विशेष भत्ता, तोच तुमचा महागाई भत्ता समजा. मूळ दर बरीच वर्षं तसाच राहते, पण विशेष भत्ता दर ६ महिन्यांनी बदलते, जानेवारीत आणि जुलैत. तो कशावर ठरते ते ऐका. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक म्हणून एक आकडा असतो, २०१६ ला १०० धरून काढलेला, केंद्राचा श्रम ब्युरो देशातल्या ८८ केंद्रांमधून भाव गोळा करून तो काढते आणि त्या ८८ मध्ये आपलं नागपूर आहे. इथल्या बाजारात तूरडाळ काय भाव, तेल काय भाव, खोलीचं भाडं किती, दवाखान्याला किती लागते, हे सगळं नोंदून घेतात. तुमच्या घरचा जो खर्च वाढून राहिला तो मोजायची सोय आहे, मोजतातही, आणि त्यावरून तुमचा भत्ताही ठरते. फक्त तो तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. मला याचं फार वाईट वाटते, खरंच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यातली वेतन संहिता म्हणते की किमान वेतन सगळ्याच कामांना, आधीसारखं यादीतल्याच धंद्यांना नाही. वेतनाची चिठ्ठी द्यायची, पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा, जास्तीच्या तासांना दुप्पट दर, आणि कमी पगार दिला असेल तर ३ वर्षांच्या आत दावा करता येते.

आता करायचं काय, कारण तुम्ही त्या माणसाचे उपकार मानता आणि ते बरोबरच आहे. तक्रार घेऊन सुटू नका. आधी कामगार विभागाचं चालू दरपत्रक काढा, त्यात दुकानं आणि व्यापारी आस्थापना असा वेगळा भाग असतो, तुमचं काम कुशल, अर्धकुशल की अकुशल ते बघा (नऊ वर्षं थान दाखवणारा, माप घेणारा, गिऱ्हाईक सांभाळणारा माणूस अकुशल कसा काय असेल, हे शेठजींनाही पटेल). शहराचे आणि गावाचे दर वेगळे असतात ते तपासा. ते पान घेऊन दुकान बंद व्हायच्या वेळी शांतपणे बोला. पगार खात्यात टाकायला सांगा, युपीआयने दिला तरी चालते, म्हणजे पुरावा आपोआप तयार होते. आजपासून एका वहीत तारीख, आले किती वाजता, गेले किती वाजता हे लिहायला लागा. एवढं करून नाहीच झालं तर अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या.

दुकानात १० किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीही (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) विचारा. त्यात तुमचे पाऊण टक्का कापतात, शेठजी सव्वातीन टक्के भरतात आणि मुलीचा दवाखाना त्यातून होऊ शकते. तेव्हा शेठजींपुढे हात पसरायची वेळच आली नसती, आणि त्यांनाही खिशातून द्यावे लागले नसते.

प्रश्न : बर्डीवर एक जण भेटला, मुद्राचं ५ लाख लोन पास करून देतो म्हणते, ३ टक्के आधी मागते. देऊ का?

उत्तर : नका देऊ, एक रुपयाही नका देऊ. मुद्राला एजंट नेमलेले नाहीत, अर्ज थेट बँकेत किंवा सरकारी पोर्टलवर करायचा असते. ५०,००० पर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुण फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. पण मुद्रा म्हणजे अनुदान नाही, पूर्ण फेडायचं कर्ज आहे, हेही घरी सांगून ठेवा. पैसे आधीच ऑनलाइन दिले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आजच.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, ८ माणसं. स्टील वाढलं, वीज वाढली, वेल्डर टिकत नाही. एका मोठ्या कंपनीकडे माझे ४ लाख अडकले आहेत, १२० दिवस झाले, फोन केला की पुढच्या आठवड्यात म्हणतात. स्टील महागलं म्हणून छोट्या उद्योगांना सरकारचं काही अनुदान आहे का? नाहीतर बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट आणखी वाढवायची म्हणतो.

उत्तर : स्टील महागलं म्हणून हातात पैसे देणारी योजना नाही, हे सरळ सांगते. धंदा उभा करायला अनुदान देणाऱ्या केंद्राची पीएमईजीपी आणि राज्याची सीएमईजीपी अशा योजना आहेत, १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते, पण ते नवीन युनिटला, तुमच्यासारख्या आधीच चालू असलेल्या धंद्याला साधारणपणे नाही मिळत. आणि लिमिट वाढवायच्या आधी जरा थांबा. तुमचेच ४ लाख दुसऱ्याकडे बिनव्याजी पडले आहेत आणि तुम्ही बँकेला व्याज देऊन तेवढेच आणायचे म्हणता, म्हणजे त्या मोठ्या कंपनीचा धंदा तुम्ही आपल्या व्याजावर चालवून राहिले.

२००६ चा एमएसएमई कायदा याच कारणासाठी आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. करारात ९० दिवस लिहून घेतलं असेल तरी कायदा ४५ च धरते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच धरला तर साडेसोळा टक्के झाले, ४ लाखांवर पहिल्याच महिन्याचे ५,५००. एका हेल्परचा आठवड्याचा पगार निघून थोडं उरेल.

दुसरी गोष्ट खरेदीदाराच्या खिशाला लागते. आयकर कायद्याच्या ४३बी मध्ये एच हे कलम १ एप्रिल २०२४ पासून आलं, त्यात मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी वजा धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देतील तेव्हाच. म्हणून मार्चच्या आधी त्यांच्या अकाउंट्सला एक सभ्य ईमेल टाका, बिलं, तारखा, तुमचा उद्यम नंबर (केंद्राकडच्या छोट्या उद्योगांच्या नोंदणीचा), बस. धमकी नको. बरेचदा एवढ्यानेच पैसे सुटतात.

पण हे सगळं उद्यम नोंदणीवर टेकलेलं आहे आणि तुम्ही पत्रात तिचा उल्लेखच केला नाही म्हणून मला धाकधूक आहे. नोंदणी नसेल तर आज करा, माल द्यायच्या आधीची नोंदणी असेल तर पुढे वाद राहत नाही. ती फुकट आहे. सारख्या दिसणाऱ्या खाजगी वेबसाइट हजार दोन हजार घेतात, खरी साइट डॉट जीओव्ही डॉट इन वरच संपते, आधार आणि पॅन लागते. काम उत्पादन किंवा सेवा असंच टाका, कारण नुसता व्यापार टाकला तर उशिराच्या पैशाचं हे संरक्षण मिळत नाही. बिलावर उद्यम नंबर छापून घ्या, एखादा शिक्का बनवायला कितीक पैसे लागतात.

ईमेलने नाही झालं तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार टाका, तिथून प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा अडकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे जाते. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत, पण निकाल त्याच दिवशी हातात येईल म्हणून धंद्याची घडी त्यावर बसवू नका. चांगली बाजू ही की निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला कोर्टात जायचं असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. तुम्हाला भीती असेल की तक्रार केली तर ऑर्डर बंद होईल. ती भीती खोटी नाही, मी असे कारखानदार पाहिलेत जे एका ग्राहकावर उभे होते. तुमच्या धंद्याचा अर्ध्याहून जास्त भाग या एकाच कंपनीकडून येत असेल तर आधी दुसरे ग्राहक शोधा, तोपर्यंत ट्रेड्स नावाची बिलं विकायची ऑनलाइन सोय वापरा. तिथे तुमचं बिल कंपनीने मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे काही दिवसांत तुमच्या खात्यात, आणि नंतर कंपनीने बुडवले तरी बँक तुमच्याकडे येत नाही. वर्षाला २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करणं बंधनकारक केलं होतं, तर विचारायला काय हरकत आहे, हा प्रश्न विचारला म्हणून कोणी नाराज होत नाही.

आणि पुढच्या ऑर्डरमध्ये एक ओळ टाका की कोटेशनच्या दिवशी स्टीलचा भाव इतका होता, त्याच्या अमुक टक्क्यांवर गेला तर दर बदलेल. सरकारच्या कोणत्याही योजनेपेक्षा ही ओळ तुम्हाला लवकर कामी येईल असं माझं मत आहे.

प्रश्न : मॅडम, मी बारावीत आहे. माझी आई बिगारी काम करते, ठिय्यावर उभी राहते, कधी बेसा, कधी मनीषनगर, कधी मिहानकडे. एका बाईने सांगितलं की कामगार मंडळातून मुलांना शिकायला पैसे मिळतात, पण ९० दिवसांचा दाखला लागते. आईचा ठेकेदार रोज वेगळा असते, दाखला कोण देईल? एक जण १,५०० घेऊन करून देतो म्हणते. आई म्हणते जाऊ दे.

उत्तर : बेटा, जाऊ देऊ नको. आईला माझा निरोप सांग की हे पैसे कोणाची मेहेरबानी नाही. ती ज्या इमारतीत विटा वाहते त्या इमारतीच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतात, तोच पैसा बांधकाम कामगार कल्याण मंडळात जमा होते. तिच्याच घामावरून निघालेला पैसा आहे.

तिचं वय १८ ते ६० मध्ये असेल आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर नोंदणी होते. ९० दिवस एकाच ठेकेदाराकडे पाहिजे असं नाही. तू एक वही कर, चार खाने आख, तारीख, जागा, ठेकेदाराचं नाव आणि फोन, मजुरी. आजपासून रोज संध्याकाळी आईला विचारून लिही. मागचं जे आठवेल तेही लिही, कोणत्या स्लॅबवर होती, कोणाच्या प्लास्टरवर. मग ज्यांच्याकडे जास्त दिवस काम झालं त्या दोन-तीन ठेकेदारांकडे जाऊन दाखला माग. नाही दिला तर शहरात महापालिकेच्या अधिकाऱ्याकडून आणि गावच्या हद्दीत ग्रामसेवकाकडून दाखला घ्यायची सोय आहे, तिथे ही वहीच बोलेल. नोंदणीची फी नाममात्र आहे, १,५०० कोणालाच द्यायचे नाहीत. खोटा दाखला काढून देणारे असतात, तो पकडला गेला तर आईचं नाव कायमचं जाईल, म्हणून खरं काम खऱ्या दाखल्यावरच.

नोंदणी झाली की अकरावी-बारावीला वर्षाला १०,०००, पुढे पदवीला २०,०००, इंजिनीअरिंगला ६०,०००, मेडिकलला १ लाख, पहिल्या दोन मुलांसाठी. नोंदणी दर वर्षी नूतनीकरण करायची असते आणि इथेच सगळ्यांचं चुकते, तारीख गेली की अर्ज परत येते. तुझ्या मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेव. कामावर अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना ५ लाख मिळतात, हे आईला सांगू नको पण तुला माहीत असू दे. आणि जमलं तर मला पुन्हा लिही की कुठे शिकायचं ठरवलं.

प्रश्न : महालात आमचा संत्रा बर्फीचा छोटा कारखाना आहे, ७ कामगार. पोरांचा पगार वाढवायचा आहे, दिवाळीला तेच आपल्याला सांभाळतात, पण खवा, तूप, डबे सगळं वाढलं. पगारासाठी सरकार काही देते का? छतावर सोलर लावू का, अनुदान आहे म्हणतात.

उत्तर : आहे त्या पगारावर मदत नाही, नवीन माणूस घेतला तर आहे. पीएम विकसित भारत रोजगार योजना, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये घेतलेल्या नोकऱ्यांसाठी. ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या मालकाने निदान २ जण वाढवले आणि ते ६ महिने टिकले तर पगाराप्रमाणे माणशी महिन्याला ३,००० पर्यंत मालकाला, २ वर्षं, आणि कारखाना असेल तर आणखी २ वर्षं. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या पोराला १५,००० पर्यंत दोन हप्त्यांत. पण पीएफ नोंदणी पाहिजे. ७ जणांना ती सक्तीची नाही, आपणहून करता येते, मात्र मग दर महिन्याचा तुमचा वाटा सुरू होते, तो आधी मांडून बघा. दोन माणसांची खरंच गरज असेल तरच करा, योजनेसाठी माणसं घेऊ नका.

सोलरचं ७८,००० पर्यंतचं अनुदान घरगुती मीटरला आहे, कारखान्याच्या मीटरला नाही. घर वर आणि कारखाना खाली असेल तर घराच्या मीटरसाठी लावा, उन्हाळ्यात कूलरचं बिल तरी हलकं होईल.

तुमच्यासाठी खरी जागा मला दुसरीकडे दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ झाला, पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचाही १२ वरून ५. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीचा ठोक कर) असाल तर भरलेला कर परत मिळत नाही, म्हणजे ही कपात पूर्ण तुमची बचत आहे, पण पुरवठादाराने तुम्हाला ती दिली तर. रेग्युलर असाल तर तो कर तुम्ही आधीही वजा करत होतेच, मग फक्त कमी पैसे अडकतात एवढाच फायदा. ऑगस्ट २०२५ चं तुपाचं बिल आणि मागच्या महिन्याचं बिल शेजारी शेजारी ठेवा. कर सोडून मूळ भाव बघा. कर ७ ने उतरला आणि मूळ भाव तेवढाच वर चढलेला दिसला तर दोन्ही बिलं घेऊन त्याच्या दुकानात जा, खोकेवाल्याकडेही जा. तिथे जे सुटेल ते आधी पोरांच्या पगारात टाका.